मजुरी आधी, नफा मग

(अंबाजोगाई येथे बचतगटांच्या एका मेळाव्यात केज तालुक्यातील मसाला उद्योग गटाच्या कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आजच्या मेळाव्यात मला 'बायांचा उद्योग आणि नफा' असा विषय दिलाय. विषय कळल्यावर आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "नफ्यावर काय बोलतीस माय? किलोमागं पस्तीस रुपये राहतेत आपल्याला. दोन मिनिटांत सांगून होतंय." काकूंचं खरं आहे. पण ते पस्तीस रुपये कशाच्या नंतर मोजायचे, यावरून गटागटांत भांडणं होतात, गट मोडतात आणि बाया पुन्हा कारखान्याच्या वाटेला लागतात. म्हणून आज मी हिशेबच मांडणार आहे. आकडे आले की आपण पदर सावरून गप्प बसतो. आज तसं बसू नका. हा आपल्या घामाचा हिशेब आहे.

आमच्या गटात अकरा जणी आहेत. लाल तिखट, काळा मसाला, कारळाची आणि जवसाची चटणी करतो. कांडप यंत्र आहे, त्यावर गावातल्या बायांचं तिखट-मसालाही कांडून देतो. माल केजच्या, नेकनूरच्या बाजारात, इथं योगेश्वरीच्या यात्रेत आणि ठरलेल्या घरी विकतो. उद्योग मोठा नाही. पण महिनाअखेरीस हिशेब मिटतो, आणि प्रत्येकीच्या नावापुढं तिचे दिवस आणि तिची मजुरी लिहिलेली असते.

वहीत नाव कुणाचं

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. ते दिवस फार वाईट होते. पण आजी एक गोष्ट मरेपर्यंत सांगायची. मस्टरवर तिचं स्वतःचं नाव होतं. अंगठा तिचा, पैसे तिच्या हातात. पुढं १९७७ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, त्यातही बाईला आणि गड्याला एकाच कामाचा एकच दर होता. खडी फोडणारी अडाणी बाई, पण सरकारच्या कागदावर ती मजूर होती, कुणाची बायको म्हणून नव्हती.

आता कोयत्याचा हिशेब बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतो नवरा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, कोपीवर परत आली की पाणी, सरपण, लेकरं. टनाचा पैसा मात्र एकच. त्यात बाईचा किती, हे कोणत्याच वहीत लिहिलेलं नसतं. खाडा पडला की पैसे कापतात, तेवढ्यापुरती ती वहीत येते. खाडा पडू नये म्हणून बायांनी काय काय केलं ते सगळ्या देशानं वाचलं. २०१९ मध्ये सरकारी समितीनं आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. जिच्या कामाची वेगळी मजुरी कुणी मोजली नाही, तिच्या शरीराची किंमत अशी वसूल झाली.

हे मी इथं का सांगते? कारण आपण कोयता खाली ठेवतो, गट काढतो, उद्योग काढतो, आणि त्या उद्योगाच्या वहीतही बाईची मजुरी लिहीत नाही. मिरची लिहितो, मीठ लिहितो, विजेचं बिल लिहितो. देठ खुडून बोटं भाजली, ठसक्यानं दिवसभर डोळ्यांतून पाणी गेलं, ते लिहायचं राहून जातं. "घरचंच काम हाय, त्याचं काय लिहायचं?" असं म्हणतात. मुकादमानं आपल्याला जे केलं तेच आपण आपल्याला करतो.

तिखटाचा हिशेब

एका खेपेचा हिशेब सांगते. ज्यांच्याकडं वही-पेन आहे त्यांनी लिहून घ्या.

वीस किलो वाळली मिरची, दोनशे रुपये भावानं : ४,००० रुपये.
मजुरी. देठ खुडणं, वाळवणं, कांडणं, चाळणं, भरणं यांचे चार दिवस आणि विकायला बसायचा एक दिवस, असे पाच दिवस, तीनशे रुपयांनी : १,५०० रुपये.
वीज आणि यंत्राची झीज : ३०० रुपये.
पिशव्या, चिठ्ठ्या : २५० रुपये.
जाण्यायेण्याचा आणि माल नेण्याचा खर्च : १५० रुपये.
एकूण ६,२०० रुपये.

आता, वीस किलो मिरचीचं वीस किलो तिखट होत नाही. देठ जातात, उन्हात वजन घटतं, थोडं उडतं. हातात सतरा किलो येतं. म्हणजे एक किलो तिखट आम्हाला ३६५ रुपयांना पडतं. त्यावर पस्तीस रुपये ठेवतो आणि चारशेला विकतो. सतरा किलोचे ६,८०० रुपये. खर्च जाऊन ६०० रुपये राहिले. हा नफा. शेकडा दहाच्याही थोडा आत.

यात दोन गोष्टींकडं लक्ष द्या. एक, विकायला बसायचा दिवस आम्ही मजुरीत धरलाय. बाजारात उन्हात बसणं, तराजू धरणं, घासाघीस ऐकणं हेही काम आहे. दोन, यंत्राची झीज धरली आहे. पट्टा तुटेल, मोटार जळेल, तेव्हा कुणाच्या गळ्यातलं डोरलं मोडायचं नसेल तर रोजच्या तिखटातून ते पैसे आधीच बाजूला निघाले पाहिजेत.

आता हेच तिखट मजुरी न धरता करा. खर्च ४,७०० रुपये. बाजारात सुटं तिखट तीनशेला मिळतं म्हणून आपणही तीनशेला विकलं. आले ५,१००. बाया खुश, खेपेला चारशे रुपये नफा झाला! पण ते चारशे पाच दिवसांच्या कामाचे आहेत. दिवसाला ऐंशी रुपये पडले. आपल्या गावात ऐंशी रुपयांत कुणी खुरपायला तरी येईल का? जो नफा म्हणून वाटून घेतला ती आपलीच मजुरी होती, तीसुद्धा पाव हिश्श्याच्या जेमतेम वर.

म्हणून आमचा पहिला नियम : मजुरी आधी, नफा मग. मजुरी सुटत नसेल तर तो धंदा फायद्यात नाही, मग डब्यात किती का पैसे खुळखुळेनात.

दुकानदाराचा वाटा

दुकानदार म्हणतो, किलोला साठ रुपये मला सोडा, माल ठेवतो. गटातल्या दोघीतिघी चिडल्या, हा फुकट खातो म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, त्याचाही हिशेब करू. तो विकतो तेव्हा आमचा बाजारचा एक दिवस वाचतो, जाण्यायेण्याचा खर्च वाचतो. म्हणजे खेपेला साडेचारशे, किलोला सव्वीस-सत्तावीस रुपये. मग त्याला तीस द्यायला हरकत नाही. साठ दिले तर आमच्या हाती ३४० येतात, आणि वाचलेला खर्च वजा केला तरी ३३८ ला पडलेला माल ३४० ला दिल्यासारखं होतं. आम्ही तीस सांगितले. काही दुकानदारांनी नको म्हटलं, दोघांनी ठेवलं. दुकानदारही कष्ट करतो, जागेचं भाडं भरतो, त्याचं पोट आहे. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. जेवढं काम तो आपल्या डोक्यावरून घेतो तेवढे पैसे त्याचे. हे मोजता आलं की भांडणही नीट करता येतं.

साडेचार हजारांची भेट

तीन वर्षांपूर्वी एक व्यापारी आला. दोनशे किलो तिखट हवं, भाव ३३०, पैसे दोन महिन्यांनी. दोनशे किलो! गटात आनंदीआनंद. आम्ही वही काढली. घाऊक मालाला बाजारात बसायचा दिवस नाही, प्रवास नाही, छोट्या पिशव्या नाहीत. खेपेला सातशे रुपये वाचतात, माल ३२४ ला पडतो. म्हणजे ३३० परवडतंय असं दिसतं, दोनशे किलोला बाराशे-तेराशे राहतात. पण मिरचीच घ्यायला ४७,००० रुपये लागणार. ते गटातून शेकडा दोननं उचलायचे आणि दोन महिने त्याच्याकडं अडकून राहणार. व्याज १,८८० रुपये. नफा गेला आणि वर घट आली. उधारी हा भावच असतो, तो फक्त वेगळ्या खिशातून जातो. आम्ही सांगितलं, ३४५ आणि रोख. तो हसला आणि गेला.

पंधरा दिवसांत कळलं, शेजारच्या गावच्या गटानं त्याला ३१० नं माल दिला. आमच्या बाया संतापल्या. "त्यांनीच आपला भाव पाडला," म्हणाल्या. काही जणी म्हणाल्या, आपण तीनशेनं देऊ, मग बघू कोण टिकतंय. तेव्हा मला वाटलं, हीच वेळ आहे. आपण भाव खाली नेला तर तो खाली कुठून येणार? मिरचीवाला कमी करणार नाही, वीज मंडळ कमी करणार नाही. कमी होणार ती फक्त बाईची मजुरी. म्हणजे दोन गावच्या बाया एकमेकींची मजुरी पाडणार आणि माल नेणार व्यापारी.

आम्ही त्या गटाकडं गेलो. भांडायला आल्या असं त्यांना वाटलं. त्यांच्या अध्यक्ष आक्का म्हणाल्या, "बासष्ट हजारांचा धंदा केला आमी. तुमच्या पोटात दुखायलंय." आम्ही म्हटलं, आक्का, तुमची वही उघडा, आमचीही आणलीये. ओसरीवर बसून सगळ्यांनी मिळून हिशेब केला. बासष्ट हजारांतून मिरची, वीज, यंत्र, व्याज वजा केलं. राहिले साडेनऊ हजार. कामाचे दिवस मोजले तर सत्तेचाळीस. दिवसाला दोनशेच्या आसपास. तीनशेनं मजुरी धरली असती तर १४,१०० व्हायला हवे होते. म्हणजे साडेचार हजार रुपयांची मजुरी त्यांनी व्यापाऱ्याला भेट दिली, आणि तीही दोन महिने थांबून. आक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "म्हंजी आमी त्याच्या कामाला होतो की."

मजुरीचा करार

त्यातून पुढची गोष्ट झाली. तीन गावच्या तीन गटांनी बसून ठरवलं की वहीत मजुरी तीनशेच्या खाली कुणीच धरायची नाही. दर गुढीपाडव्याला खुरपणीचा दर बघून ती पुन्हा ठरवायची. मालाचा भाव ज्याचा त्यानं ठरवावा. कुणाचं यंत्र नवं असेल, कुणाला मिरची स्वस्त मिळाली असेल, कुणाचा हात चपळ असेल, त्यानं दोन रुपये कमी करावेत. पण मजुरी पाडून स्वस्ताई करायची नाही. हा भावाचा करार नाही, मजुरीचा करार आहे. दुसरं म्हणजे मिरची तिघींनी मिळून आणायची, म्हणजे गाडीभाडं वाटलं जातं.

पुढच्या हंगामात तो व्यापारी तिन्ही गावांत फिरला. तिन्हीकडं एकच उत्तर मिळालं. शेवटी ३४० नं रोखीनं माल घेऊन गेला. त्यानंतर तो आलेला नाही, हेही सांगते. एकीनं सगळी गिऱ्हाइकं टिकतात असं नाही. पण जो गेला तो आपल्या मजुरीवर जगणारा होता.

ऊसतोडीचा दर तरी कसा वाढला? २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती कुणी दया म्हणून दिली नाही. संघटनांनी कोयता बंद ठेवण्याची भाषा केली, बैठकांवर बैठका झाल्या, तेव्हा मिळाली. एकेकटा कोयता दर ठरवू शकत नाही, तसा एकेकटा गटही नाही.

गिऱ्हाईकही आपलीच बाई

आता कुणी म्हणेल, तुम्ही मजुरी धरता, भाव वाढवता, मग गरीब बाईनं काय करायचं? रास्त प्रश्न आहे. स्वतःला रास्त मजुरी घ्यायची आणि गिऱ्हाइकाला नाडायचं, तर आपल्यात आणि सावकारात काय फरक?

यासाठी आम्ही चार गोष्टी करतो. पहिली, किलो घ्या नाहीतर पंचवीस ग्रॅम, दर एकच. पंचवीस ग्रॅमला दहा रुपये. दुकानातल्या छोट्या पुड्यांचा किलोचा भाव काढून बघा, ज्या बाईजवळ पैसे सगळ्यात कमी तीच बऱ्याचदा सगळ्यात महाग घेते. आमच्याकडं डबी घेऊन यायची, सुटं तोलून न्यायचं. दुसरी, जिला चारशे परवडत नाहीत तिनं मिरची स्वतः आणावी, देठ स्वतः खुडावेत, आम्ही कांडायचे किलोला चाळीस घेतो. तिला तिखट पावणेतीनशेच्या आसपास पडतं आणि डोळ्यांदेखत कांडून मिळतं. तिसरी, तराजू-मापं दरवेळी तपासून शिक्का मारून आणतो आणि भेसळ नाही. रंग नाही, देठ कांडत नाही. चौथी, आमचे पस्तीस रुपये ठरलेले आहेत. मिरची तीनशेवर गेली तर तिखट ४८२ ला पडतं, आम्ही ५१७ ला विकतो. शेकड्यानं वाढवत बसत नाही, कारण मिरची महागली म्हणून आमचं काम वाढलेलं नसतं. आणि मिरची दीडशेला उतरली की तिखट ३४० ला देतो.

यावरून गटात वाद झाला. "कोण इचारायलंय? चारशेच राहू द्या," असं निम्म्या जणींचं म्हणणं. भाव चढवायला सगळे तयार असतात, उतरवायला कुणीच नाही, हे आपण आयुष्यभर दुकानाच्या पायरीवर उभं राहून बघितलंय. मग आपणही तेच करायचं का? मतदान घेतलं. सहा विरुद्ध पाचनं भाव उतरवायचं ठरलं. बाजारात पाटीवर जुना भाव खोडून नवा लिहिला, तेव्हा बाया थांबून विचारू लागल्या, कमी का केला म्हणून. मिरची उतरली म्हणून, एवढंच सांगितलं. त्या बाया अजून येतात.

कुणाच्या हातचं

रास्तपणा नुसत्या भावात नसतो. आमच्या गटात दलित बाया आहेत, वंजारी आहेत, मराठा आहेत, धनगर आहे, मुसलमान आहे. तिखट-मसाला म्हणजे खाण्याची वस्तू. "कुणाच्या हातचं हाय?" हा प्रश्न अजून येतो. तोंडावर नाही विचारत. "गटात कोण कोण हाय?" असं गोड बोलून विचारतात. काही भल्या माणसांनी सल्ला दिला की त्या बायांना देठ खुडायला ठेवा, बाजारात पुढं बसवू नका, धंदा वाढेल. आमचं ठरलं की सगळी कामं पाळीनं. कांडायची पाळी सगळ्यांची, बाजाराची पाळी सगळ्यांची, पैशाचा डबा सांभाळायची पाळी सगळ्यांची. गिऱ्हाइकं तुटली काही. तुटू दिली.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर आपल्या जिल्ह्यात अमक्या जातीच्या माणसानं तमक्या जातीच्या दुकानात जाऊ नये, असे संदेश मोबाइलवर फिरत होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे देणेघेणे तुटले. अशा वेळी छोटा धंदा करणारी बाई सगळ्यात आधी मरते, कारण तिचं गिऱ्हाईक म्हणजे शेजारपाजार. आमच्याही घरोघरी पुरुष माणसं म्हणाली, त्यांच्यात जायचं बंद कर. गटातल्या बाया आल्या. कांडप यंत्रापुढं बसल्यावर सगळ्यांना ठसका सारखाच लागतो.

पस्तीस रुपयांचं काय करतो

खेपेला सहाशे राहतात असं म्हटलं. त्याचे तीन वाटे. एक यंत्राच्या डब्यात, झिजेचे धरलेले पुरणार नाहीत म्हणून. दुसरा मिरचीच्या डब्यात, म्हणजे हंगामात मिरची रोखीनं घेता येते, कर्ज लागत नाही. तिसरा ज्यांनी जेवढे दिवस काम केलं त्या मानानं वाटायचा.

दुसऱ्या डब्याचं महत्त्व मुंबईच्या खानावळवाल्या बायांनी शिकवलंय. गिरणगावात गिरणी कामगारांना डबे करून देणाऱ्या बाया होत्या. कामगाराचा पगार महिन्यानं, वाण्याचं देणं रोजचं. मधल्या दिवसांसाठी सावकाराचं कर्ज, आणि साऱ्या कष्टाचा नफा व्याजात जायचा. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ बांधलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक तोच, डबा तोच, गिऱ्हाईक तेच. सावकार गेला आणि बाईच्या हाती पैसा राहू लागला.

आणि लिज्जत पापड तर सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलं. त्या सात जणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या मोठेपणापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं लाटणाऱ्या बाईला लाटण्याचे पैसे मिळतात आणि तीच मालकीणही असते. नफा-तोटा दोन्ही तिचे. मजुरी वेगळी, मालकी वेगळी, आणि दोन्ही तिच्याच. वर्षानुवर्षं टिकायचं रहस्य यात आहे असं मला वाटतं.

कर्जाबद्दल दोन शब्द. गावोगाव आता खासगी फायनान्सवाले दारात येऊन कर्ज देतात, दर आठवड्याला हप्ता. २०२२ च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेनं छोट्या कर्जांचे नवे नियम काढले. व्याजाची जुनी कमाल मर्यादा गेली, दर ठरवणं कर्ज देणाऱ्यावर सोडलं. पण व्याज आणि सगळा आकार एका कागदावर समजेल असा लिहून देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तो कागद मागा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. आणि ते व्याज तुमच्या मालाच्या किलोवर किती बसतं ते काढल्याशिवाय अंगठा देऊ नका.

उचलीपुढं आपण किती

शेवटी एक कडू गोष्ट. असल्या व्यासपीठावर लोक सांगतात, गट काढा, ऊसतोड थांबेल. आमच्या अकरा जणींपैकी पाच घरं फडावर जायची. आता तीन थांबली, दोन अजून जातात. मुलीचं लग्न, दवाखाना, जुनी फिटलेली-न फिटलेली उचल. मुकादम एकरकमी हातावर ठेवतो ते पैसे आमचं तिखट देऊ शकत नाही. सहाशे रुपये खेपेचा नफा उचलीपुढं काहीच नाही. ऊसतोडीचा प्रश्न पाण्याचा आहे, जमिनीचा आहे, कारखान्यांनी मजूर म्हणून नोंद करण्याचा आहे. तो बचतगटाच्या गळ्यात मारून सरकारनं आणि कारखानदारांनी मोकळं होऊ नये.

पण त्या दोघी चैतात परत येतात तेव्हा त्यांची जागा तशीच असते. नेमका तेव्हाच तिखट-मसाल्याचा मोठा हंगाम. त्यातली एक जण यंदा म्हणाली, "तिकडं सहा महिने राबले, माझं किती झालं ते कुणाला ठाव नाही. हितं बारा दिवस केले, छत्तीसशे झाले. माझं मलाच वाचता आलं." तिला छत्तीसशेत लग्न उरकता येणार नाही. पण आता ती नवऱ्याला विचारते, उचलीतले माझे किती? हा प्रश्न त्या घरात पूर्वी कुणी विचारला नव्हता. यंदा मुकादमापुढंही ती विचारणार आहे, आणि आम्ही तिच्यासोबत जाणार आहोत.

तेव्हा मैत्रिणींनो, घरी गेल्यावर मोठं काही करू नका. गटाची वही काढा. त्यात चार रकाने आहेत का बघा. कोणी काम केलं, किती दिवस केलं, मजुरी किती झाली, आणि हे सगळं जाऊन किती राहिलं. मजुरीचा रकाना नसेल तर आजच आखा. भाव ठरवताना तो आधी भरा. शेजारच्या गावचा गट कमी भावानं विकत असेल तर भांडायला जाऊ नका, वही घेऊन जा. आणि मिरची उतरली की पाटीवरचा भाव उतरवा.

आपल्या आज्यांची नावं मस्टरवर होती. आपली नावं आपल्या वहीत तरी असू द्या.

जिंदाबाद!